एक नंबरला हात लावायचा नाही

१

दुपारी तीनच्या सुमाराला टेस्टर लाँचच्या इंजिनखोलीत उतरला. खोली म्हणायची आपली. तिथे माणसाला ना उभं राहता येत, ना धड बसता. मधोमध इंजिन, डावीकडे लाकडी पेटीत दोन बॅटऱ्या, उजवीकडे भिंतीवर बॅटरी बदलायची चक्री, आणि डोक्यावर डेकमधलं चौकोनी झाकण. झाकणाची कडी मोठी लबाड होती. झाकण पडलं की ती बाहेरून आपोआप खाचेत बसायची. म्हणून खाली उतरण्याआधी फटीत लाकडी ठोकळा अडकवायचा, हा या लाँचवरचा पहिला नियम. टेस्टरने ठोकळा अडकवला, दोनदा दाबून पाहिला आणि मगच खाली बसला.

त्याचं खरं नाव धक्क्यावर कोणाला ठाऊक नव्हतं. खिशाला कायम टेस्टर लावलेला डावखुरा वायरमन, म्हणून टेस्टर. लाँच त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. दादा आठ महिन्यांपूर्वी गेला. आता लाँच दादाची मुलगी चालवणार होती. चोवीस वर्षांची झाली तरी शिडी सोडून धक्क्यावरून थेट डेकवर उडी मारायची, म्हणून काका तिला लहानपणापासून खार म्हणायचा. परवाना आठवड्यापूर्वीच तिच्या हातात पडला होता. उद्या सकाळी सातला तिची पहिली फेरी, पंचवीस माणसं घेऊन खाडीच्या पलीकडच्या काठावर. आणि गेले चार दिवस इंजिन रडतखडत सुरू होत होतं.

"खारे, मार!"

वर तिने चावी फिरवली. घर्र... घर्र... घर्र... टक.

"काका, आजही तेच."

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे."

बोलण्यात चेष्टा होती, पण तो आवाज ऐकताच त्याने पाना उचलला होता. ही लाँच एकदा अशीच मधल्या पाण्यात मेली होती आणि दादाला घेऊन गेली होती. उद्या सुकाणूवर दादाची पोर असणार होती.

लाँचवर दोन बॅटऱ्या होत्या. एक नंबरची फक्त इंजिन सुरू करायला. दोन नंबरची बाकी सगळ्याला: दिवे, भोंगा, वायरलेस आणि तळाला साचलेलं पाणी उपसणारा पंप. दिवे रात्रभर जळून दोन नंबर मेली तर मेली, एक नंबर ताजी राहिली पाहिजे. 'एक नंबरला हात लावायचा नाही' हे दादाचं आवडतं वाक्य. पेटीच्या झाकणावर त्याने ते पांढऱ्या रंगाने लिहूनच ठेवलं होतं.

त्याचा एक नंबरवर विश्वासही तसाच होता. ओहोटीला इथलं पाणी जोरात बाहेर ओढतं. बाकीचे आधी इंजिन सुरू करत आणि मग दोर सोडत. दादा आधी दोर सोडायचा, पाण्याला लाँचचं नाक वळवू द्यायचा आणि मग ऐटीत चावी मारायचा. लोक शिव्या घालायचे, तो हसायचा.

२

टेस्टर शिस्तीत कामाला लागला. आधी सोपं, मग अवघड. एक नंबरची बॅटरी बारा पूर्णांक सात व्होल्ट, म्हणजे चांगली. पण सेल्फ मारताना तीच नऊवर यायची. त्याने पाने लावून बॅटरीचे दोन्ही चिमटे सोडवले, पॉलिश पेपरने चकचकीत घासले, परत आवळले. इंजिनाच्या अंगाला जोडलेली अर्थची जाड केबल काढली. तिच्या टोकाला हिरवट बुरा होता. तोही साफ केला. चक्री उघडून तिचे आतले पत्रे पाहिले. सगळं ठीक.

हे सगळं करताना वर-खाली निरोप ठोक्यांनी जायचे. इंजिन चालू असलं की खालचं ओरडणं वर पोचत नाही. म्हणून दादाने आणि त्याने पोरवयात खुणा ठरवल्या होत्या. खालच्याने पान्याने तुळईवर एक ठोका दिला की सेल्फ मार. दोन ठोके, थांब. तीन म्हणजे पाणी आलंय, हातातलं टाक आणि बाहेर पड. खारीला त्याने एक आणि दोन शिकवले होते. तीन शिकवायला त्याची जीभ रेटली नव्हती.

संशय आता एकच उरला. सगळं बंद असताना बॅटरी कोणीतरी गुपचूप पीत असणार. त्याने वरची सगळी बटणं बंद करायला लावली आणि चिमट्याचा मीटर काढला. हा मीटर वायरीला नुसता कवेत घेतो आणि किती करंट वाहतोय ते सांगतो. एक नंबरच्या लाल केबलला त्याने तो लावला.

चार पूर्णांक एक.

त्याने फ्यूज एकेक करून काढले. चार पूर्णांक एक. चक्री बंदवर नेली. चार पूर्णांक एक. मग आकडा आपोआप शून्यावर आला. टेस्टरने हुश्श केलं, तोच वीसेक सेकंदांनी परत चार पूर्णांक एक. चाळीस सेकंद राहिला, गेला. परत आला.

त्याने घड्याळ लावून तीनदा मोजलं, मग मोजणं सोडून नुसता बघत बसला. चाळीस सेकंद चालायचं, वीस सेकंद थांबायचं आणि चार अँपिअर ओढायचे, हा हिशोब त्याला पाठ होता. तळात पाणी आलं की लाँचचा पंप असाच चालायचा.

पण तळ कोरडा ठणठणीत होता. आणि पंप लाँचवर नव्हताच. तो त्याने चार दिवसांपूर्वी साफ करायला काढून घरी नेला होता. या घडीला तो त्याच्या टेबलावर वर्तमानपत्रावर उघडून पडला होता.

३

"मीटर बिघडला," तो मोठ्याने म्हणाला.

त्याने मीटरचे सेल बदलले. दोन नंबरच्या केबलला लावला. शून्य. एक नंबरला लावला. चार पूर्णांक एक. मग त्याने जे शेवटी करतात ते केलं. एक नंबरच्या केबलचा चिमटा सैल केला, केबल बॅटरीवरून काढली आणि तिचं मोकळं टोक हातात धरलं. दुसऱ्या हातात मीटर.

चार पूर्णांक एक.

करंट वाहायला वायरीची दोन्ही टोकं जोडलेली लागतात. हे त्याला चौदाव्या वर्षी दादानेच शिकवलं होतं. टेस्टर आपल्या हातातल्या मोकळ्या टोकाकडे पाहत राहिला. जवळपास लोहचुंबक असेल, तो स्वतःला म्हणाला. जेटीच्या खांबांत लोखंड आहे, त्याचा परिणाम असेल. डोळे थकले असतील. पन्नाशी उलटलेल्या माणसाने चष्मा घरी विसरू नये. अशी चार कारणं त्याने पटापट शोधली आणि एकावरही त्याचा विश्वास बसला नाही.

त्याने केबल परत जोडली, चक्री एकवर केली आणि इंजिनाच्या पट्ट्यामागे काही ओलं आहे का बघायला हात घातला. कोपरापर्यंत हात आत गेला असेल, तेवढ्यात इंजिन घरघरलं. पट्टा फिरला. हात त्याने कसा काढला त्याचं त्यालाच कळलं नाही. मनगटावरचं सालटं तेवढं गेलं.

"खारे! वेड लागलंय का तुला? हात गेला असता माझा!"

झाकणातून तिचं तोंड डोकावलं. घाबरून पांढरं पडलं होतं. "काका, तुम्हीच ठोकलंत ना? एक ठोका आला."

"मी नाही ठोकलं."

"अहो, स्पष्ट आला. माझ्या पायाखालीच. शपथ."

टेस्टरने पाना शोधला. पाना बॅटरीच्या पेटीवर होता, त्याच्या हातापासून दोन हात लांब. त्याने तो ठेवला होता तसाच आडवा पडला होता.

"बरं," तो म्हणाला. "जरा वर येतो. पाणी दे प्यायला."

४

तो धक्क्यावर पायऱ्यांवर बसला. पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. समोर ओहोटी लागली होती. लाँचचा दोर ताणला होता.

पंप आणि एक नंबर. जगात एकाच माणसाला ही जोडी माहीत होती, आणि तो इथे पायरीवर बसला होता.

दादा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी पंपाची दोन नंबरकडून येणारी वायर सडली होती. दादाने निरोप पाठवला, बाबा रे, तेवढं बघून जा. टेस्टरला घाई होती. कसली, तर घरी पाहुणे जेवायला यायचे होते. नवीन वायर ओढायला तासभर लागला असता. त्याने हाताला लागलेला लाल वायरीचा तुकडा घेतला, एक टोक पंपाला आणि दुसरं टोक सरळ एक नंबरला पिळलं, वर निळी टेप गुंडाळली. उद्या येऊन नीट करू. दादाला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणण्यापेक्षा त्याने टाळलं, कारण एक नंबरला हात लावला म्हटल्यावर दादाने तिथेच त्याला फैलावर घेतलं असतं.

रात्रभर लाँचच्या तळात पाणी झिरपत राहिलं आणि पंप ते उपसत राहिला. त्याने एक नंबर पिऊन टाकली. पहाटे दादाने नेहमीसारखा आधी दोर सोडला आणि मग चावी मारली.

लाँच दुपारी खाडीच्या मुखाजवळच्या खडकांना लागलेली सापडली. इंजिनखोलीच्या झाकणाला बाहेरून कडी बसली होती. लोकांनी ती उघडली तेव्हा आत कमरेएवढं पाणी होतं आणि त्यावर तो लाकडी ठोकळा तरंगत होता. आत कोणी नव्हतं. दादा कुठेच सापडला नाही. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं: बॅटरी उतरलेली, कारण कळले नाही. कारण कळणार कसं? कोणाचं लक्ष जाण्याआधी टेस्टर स्वतः खाली उतरला होता. त्याने ती लाल वायर तोडली आणि पाण्यात फेकून दिली. वहिनीने त्याचा हात धरून म्हटलं होतं, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून बरं." त्या वाक्याने त्याची आठ महिन्यांची झोप नासवली होती.

ठक. ठक. ठक.

त्याने मान वर केली. लाँचच्या पोटातून आवाज आला होता. डेकवर खार नव्हती. झाकण उघडं होतं.

पायऱ्या, धक्का, डेक, हे अंतर तो कसा धावला देव जाणे. "खारे! बाहेर ये! आधी बाहेर ये!"

"इथेच आहे की मी. ओरडता काय?" ती बॅटऱ्यांच्या पेटीशी उकिडवी बसली होती. कोरडी, धडधाकट. "आणि तीन ठोके म्हणजे काय ते तरी सांगा. तुम्ही वरून ठोकलंत आणि मला कळेचना."

"मी पायरीवर होतो."

तिने हातातली वस्तू उजेडात धरली. लाल वायरीचा तुकडा होता. एक टोक एक नंबरच्या बॅटरीला जोडलेलं, दुसरं पेटीमागच्या अंधारात गेलेलं. जोडावर निळी टेप. वायरीतून पाणी ठिबकत होतं आणि खालच्या कोरड्या फळीवर त्याचे काळे ठिपके पडत होते. तासभर टेस्टर याच पेटीशी मान घालून बसला होता. तेव्हा तिथे काही नव्हतं.

"काका, ही गाठ तुमची ना?"

तिचं चुकलं नव्हतं. धक्क्यावर वायर डावीकडे पिळणारा आणि टेप खालून वर गुंडाळणारा एकच माणूस होता. दादा यावरून त्याची टिंगल करायचा, तुझी गाठ आंधळ्यालाही ओळखू येईल म्हणायचा. खारीने ती टिंगल लहानपणापासून ऐकली होती.

"ही पंपाची वायर आहे," ती सावकाश म्हणाली. "एक नंबरवर. बाबांची बॅटरी कशी उतरली ते कोणाला कळलं नव्हतं ना? काका, कोणी जोडली ही?"

आत्ता बोललो तर सुटलो, असं त्याला वाटलं. मनापासून वाटलं. मग वहिनीचा चेहरा समोर आला आणि त्याचं धैर्य गळालं.

"माझी नाही," तो म्हणाला. "दादानेच जोडली असेल. घाईत."

"बाबांनी? एक नंबरला?"

"घाईत माणूस काहीही करतो, खारे."

तिने वायर हळूच खाली ठेवली. "बरं," म्हणाली आणि वर आली. सुकाणूजवळची चावी काढून तिने मुठीत घेतली. चावीला लाल बुचाचा गोळा होता, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. "आईला फोन करून येते," म्हणाली आणि धक्क्यावर उडी मारून पायऱ्यांकडे गेली.

५

एवढी एक वायर तोडली की संपलं. पोर उद्या सुखरूप जाईल आणि येईल. टेस्टरने ठोकळा दाबून पाहिला, पक्कड घेतली आणि उतरला. वायरीला हात लावताना त्याला शिसारी आली. ती बर्फासारखी गार होती. त्याने डोळे मिटून पक्कड दाबली.

मीटर शून्यावर आला. चाळीस सेकंद गेले, साठ गेले, दोन मिनिटं गेली. शून्यच. त्याचा जीव भांड्यात पडला. त्या अंधाऱ्या कोंदट जागेत तो चक्क एकटाच हसला.

वर डेकवर काहीतरी धप्पकन पडलं. ओला दोर पडल्यावर होतो तसा आवाज.

"खारे?"

पायाखालची फळी हलली. लाँच वळत होती. पाणी तिचं नाक बाहेर ओढत होतं, सावकाश, ऐटीत. टेस्टर झाकणाकडे झेपावला. लाँचने एक झोका खाल्ला, ठोकळा त्याच्या खांद्यावरून आत पडला आणि झाकण मिटलं. बाहेर कडी आपल्या खाचेत बसल्याचा आवाज त्याने ऐकला.

लांबून, धक्क्याकडून, खार जिवाच्या आकांताने ओरडत होती. "काका! अहो, कुठे निघालात? काका, चावी माझ्याकडे आहे!"

आणि वर, त्याच्या डोक्यावर, कोणीतरी चावी फिरवली.

घर्र... घर्र... टक.

मीटरचा आकडा बदलला होता. चार पूर्णांक एक. टेस्टरने चाचपडत चक्री गाठली आणि ती दोनवर फिरवली. दोन नंबर भरलेली होती, त्याने स्वतः पाहिली होती. वरचा थांबला. पुन्हा चावी फिरली. टक. नुसतं टक.

त्याच्या बुटांत गार पाणी शिरलं. मग घोट्यांना लागलं.

त्याने झाकणाला खांदा दिला, पक्कडीने ठोकलं, बोंब मारली. खारीचा आवाज आता फार लांबून येत होता आणि त्यात शब्द उरले नव्हते. पाणी गुडघ्यांशी आलं तेव्हा त्याची पाचावर धारण बसली आणि आठ महिने घशात अडकलेलं सगळं बाहेर पडलं.

"दादा, गाठ माझी होती! मी लावला हात एक नंबरला! तुला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या पोरीसमोर तुझ्यावर ढकललं. चुकलो रे दादा, सोड मला!"

वर चावी फिरायची थांबली. सगळं शांत झालं. लाँच नुसती वाहत होती. मीटर पेटीवर होता आणि त्याच्या आकड्याचा फिका उजेड पाण्यावर पडला होता. त्या उजेडात टेस्टरला ठोकळा दिसला. लाँच डुलत होती, पाणी डुलत होतं, पॉलिश पेपरचा तुकडा पाण्यावर डुलत होता. ठोकळा हलत नव्हता. पेटीमागच्या अंधारातून आलेल्या बोटांनी तो धरला होता. बोटं फुगून पांढरी झाली होती. करंगळीचं नख वाकडं होतं. ते कसं वाकडं झालं ते टेस्टरला माहीत होतं. पोरवयात त्याच्याच हातून हातोडी बसली होती.

त्याला किंचाळायचं होतं. त्याऐवजी त्याचा हात आपसूक वर गेला आणि पक्कडीने त्याने तुळईवर ठोकलं. एक, दोन, तीन. पाणी आलंय. बाहेर पडू दे.

पाणी कमरेला लागलं. तो झाकणाखाली वाकूनच कान देत राहिला.

ठोकळा अगदी जवळ, त्याच्या गुडघ्यापाशी, पाण्याखालून लाकडावर आपटला. एकदा. मग सावकाश आणखी एकदा.

थांब.